खून कितव्या अंकात पडतो ते आधी बघा

एम. ए. इंग्रजीला किंवा सेट-नेटसाठी एलिझाबेथन ट्रॅजेडी वाचायला घेतली की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात वहीत तीन मथळे पाडतात: महत्त्वाकांक्षा, सूड, अपराधभाव. मग मॅक्बेथ पहिल्या रकान्यात, हॅम्लेट दुसऱ्यात आणि मार्लोचा डॉक्टर फॉस्टस कुठे बसवायचा म्हणून भांडण. या वहीवरून लिहिलेलं उत्तर गाइडच्या उत्तरासारखंच उतरतं. तपासणाऱ्याला ते दोन ओळींत कळतं.

त्याऐवजी नाटकातलं मुख्य कृत्य, म्हणजे खून किंवा करार, नेमकं कुठे घडतं ते शोधा आणि समासात अंक-प्रवेश टिपून ठेवा. कृत्याच्या अलीकडे हाव असते, पलीकडे टोचणी. आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याचा सूड तिथूनच सुरू होतो. मॅक्बेथमध्ये राजा डंकनचा खून 2.1 (दुसरा अंक, पहिला प्रवेश) आणि 2.2 यांच्या मध्ये पडतो, तोही विंगेत. म्हणजे नाटकाचा बराच मोठा भाग कृत्यानंतरचा आहे. थॉमस किडच्या स्पॅनिश ट्रॅजेडीत होरेशिओला 2.4 मध्ये मारतात आणि बाप सूड उगवतो तो थेट 4.4 मध्ये. मधल्या एकट्या तिसऱ्या अंकात पंधरा प्रवेश आहेत, आणि खरं नाटक तिथेच आहे. हॅम्लेटमध्ये खून नाटक सुरू होण्याआधीच उरकलाय. फॉस्टस सैतानाशी केलेल्या करारावर सही करतो 2.1 मध्ये. एवढं कळलं तरी ‘हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का करतो’ या घासून गुळगुळीत झालेल्या प्रश्नाला वेगळं तोंड फुटतं, कारण सूडनाट्य हा प्रकारच उशिरावर उभा आहे. सूड लगेच घेतला तर दुसऱ्या अंकात प्रेक्षक घरी.

तारखांची एक चूक दरवर्षी होते: मॅक्बेथला सरसकट एलिझाबेथन म्हणतात. एलिझाबेथ राणी 24 मार्च 1603 ला वारली. मॅक्बेथ साधारण 1606 चं, त्यामुळे ते काटेकोरपणे जेम्स राजाच्या काळातलं, जॅकोबियन. मॅक्बेथचा साथीदार सरदार बँको हा जेम्सच्या घराण्याचा मूळपुरुष मानला जायचा. शेक्सपिअरने ज्या हॉलिन्शेडच्या बखरीवरून गोष्ट उचलली, तिच्यात बँको खुनाच्या कटात सामील आहे. नाटकात त्याला धुऊन स्वच्छ केलाय. राजाची मर्जी हे एक कारण झालंच, पण त्यामुळे सगळा अपराध नवरा-बायको दोघांवरच येऊन पडतो, आणि नाटकाला तेच हवंय.

2.2 हा प्रवेश मोठ्याने वाचा, शक्यतो दोघांनी मिळून. मॅक्बेथ खंजीर घेऊन खाली येतो. मग ‘व्हेन?’, ‘नाऊ’, ‘ॲज आय डिसेंडेड?’, ‘आय’. एकेका शब्दाचं बोलणं. दोघांनाही कसला तरी आवाज ऐकू आलाय आणि कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही. दहा-दहा अक्षरांची ओळ इथे तुकडे होऊन पडते. पुढे ‘आमेन’ घशात अडकल्याचं तो सांगतो. तेवढ्यात लेडी मॅक्बेथच्या लक्षात येतं की खंजीर तिथेच ठेवायचे होते, हा बरोबर घेऊन आलाय. ते परत ठेवायला ती स्वतः जाते, तिचेही हात माखतात, आणि ‘थोडं पाणी लागलं की झालं’ अशा अर्थाचं वाक्य ती टाकते. हे वाक्य अधोरेखित करून 5.1 चं पान उघडा. तीच बाई झोपेत हात चोळतेय, अरबस्तानातली सगळी अत्तरं पुरणार नाहीत म्हणतेय, आणि आता ती पद्यात नाही, गद्यात बोलतेय. उशाशी कायम दिवा लागतो, तसा तिचा हुकूमच आहे असं दासी सांगते. पहिल्या अंकात दाट अंधाराला हाक मारणारी हीच. ‘लेडी मॅक्बेथला पश्चात्ताप होतो’ असं लिहिण्यापेक्षा पाणी, अत्तर आणि दिवा या तीन वस्तू लिहा.

वस्तूंचा पाठलाग करायची ही सवय किडपाशी फार उपयोगी पडते. होरेशिओचा बाप हिरोनिमो लेकाच्या रक्तात भिजवलेला रुमाल जपून ठेवतो. तो हुद्द्याने न्यायाधीश आहे: दुसऱ्यांचा न्याय करायचा आणि स्वतःला मात्र मिळत नाही. 3.13 मध्ये एक म्हातारा आपल्या मारल्या गेलेल्या मुलासाठी अर्ज घेऊन येतो. त्याचे डोळे पुसायला हिरोनिमो खिशात हात घालतो आणि हाताला लागतो तो तोच रुमाल. पुढे तो अर्जदारांचे कागद दातांनी फाडतो. याच प्रवेशाच्या सुरुवातीला तो ‘विन्दिक्ता मिही’ म्हणतो. सूड देवाने घ्यायचा, माणसाने नाही, हे बायबलचं वचन. हातातलं पुस्तक मात्र रोमन नाटककार सेनेकाचं. धर्म एकीकडे खेचतोय, रोमन नाटक दुसरीकडे. आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी रंगमंचावर बसलेलं ‘रिव्हेंज’ नावाचं पात्र चक्क झोपी गेलेलं असतं. शेजारी बसलेलं, सूडाची वाट बघणारं ॲन्ड्रेआचं भूत त्याला हलवून उठवतं. उशिराचं याहून उघड चित्र दुसरीकडे सापडायचं नाही.

हॅम्लेट 3.3 मध्ये तिन्ही भावना एकाच खोलीत येतात. क्लॉडियस गुडघे टेकून हिशेब करतो: ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती महत्त्वाकांक्षा, ती राणी, सगळं अजून माझ्याकडेच आहे, मग क्षमा कशी मागू? मागे हॅम्लेट तलवार घेऊन उभा. प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल म्हणून तो थांबतो आणि निघून जातो. मग क्लॉडियस उठतो आणि सांगतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. प्रार्थना जमलीच नव्हती! हे फक्त आपल्याला कळतं. पुढच्याच प्रवेशात हॅम्लेटच्या हातून भलताच माणूस मरतो.

त्याच 3.4 मध्ये मराठी वाचकाला एक गोष्ट आयती मिळते. आई म्हणते, ‘दाउ’ने (तू) बापाला दुखावलंस. मुलगा उत्तर देतो ‘यू’ने (तुम्ही). लगेच आईही ‘यू’वर येते. आजच्या इंग्रजीत ही जोडी उरलेली नाही. आपल्याला तू-तुम्ही रोजचं, त्यामुळे कान लगेच टवकारतात. मात्र छंदात उलटं होतं. लघु-गुरू मोजायची सवय घेऊन ब्लँक व्हर्सला (या नाटकांच्या यमक नसलेल्या पद्याला) हात घातला तर फसगत ठरलेली. इथे अक्षराची लांबी नाही, आघात मोजायचा: हलका-जोरदार, पाच वेळा.

फॉस्टसच्या दोन संहिता आहेत, 1604 ची ए आणि 1616 ची बी. अभ्यासक्रमात कुठली लावलीय ते आधी बघा, नाहीतर तुम्ही दिलेला प्रवेश परीक्षकाच्या प्रतीत नसतो. चोवीस वर्षांची सत्ता घेऊन हा माणूस करतो काय, तर सरदाराला शिंगं फोडतो आणि सरदारणीला अवेळी द्राक्षं आणून देतो. शेवटचा एक तास सुमारे साठ ओळींत संपतो. मध्ये अर्ध्या तासाचा टोला पडतो. त्यात तो रात्रीच्या घोड्यांना हळू धावा म्हणतो ती लॅटिन ओळ ओव्हिडच्या शृंगारिक काव्यातली. प्रियेच्या कुशीतून उठायला नको म्हणणाऱ्याची ओळ नरकाच्या दारात.

‘हॅमार्शिया’ (नायकाची घातक चूक, ॲरिस्टॉटलची संज्ञा) हा शब्द जपून वापरा. या नाटककारांसमोर ॲरिस्टॉटलपेक्षा सेनेका होता, त्याची दहा नाटकं 1581 मध्ये इंग्रजीत एकत्र छापलेली. रंगमंचही ध्यानात असू द्या: ग्लोबला दर्शनी पडदा नव्हता, प्रयोग दुपारच्या उजेडात. म्हणूनच रात्र शब्दांनी आणि मशालींनी करावी लागते, आणि प्रेतं उचलून न्यायची आज्ञा संवादातच द्यावी लागते.

प्रत टिपांची घ्या: आर्डन किंवा न्यू केंब्रिज. पैसे नसतील तर फोल्जरची संहिता नेटवर फुकट आहे. पहिलं वाचन टिपा न बघता, दोन बैठकींत. मॅक्बेथ जेमतेम एकवीसशे ओळींचं आहे, जमतं. हॅम्लेटवरचं आगरकरांचं विकारविलसित (1883) आणि मॅक्बेथवरचं शिरवाडकरांचं राजमुकुट (1954) त्यानंतर वाचा. हॅम्लेटला ‘विकारविलसित’ म्हणण्यातच आगरकरांनी नाटक कुठून वाचलं ते दिसतं. पण उत्तरात अंक-प्रवेश मूळ इंग्रजी प्रतीचेच द्या.