चटका बसला? मध लावा, पण आधी नळ सोडा

कडक भाकरी करताना तव्याचा चटका बसला की आधी वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, हळद काही नको. भाजलेला भाग लहान आणि वरवरचा असेल तरच मग स्वच्छ गॉजवर मध पसरून सैल पट्टी बांधा, रोज बदला. मधात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के, बाकी बहुतेक साखर. ती जंतूंमधलं पाणी ओढून घेते. मध आम्लधर्मीही असतो. शिवाय जखमेच्या ओलाव्याने तो पातळ झाला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हळूहळू जंतू मारणारं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. हे विकर उष्णतेने निकामी होतं, म्हणून बाटली गॅसशेजारी नको आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर तर नकोच.

जखमेसाठी निर्जंतुक केलेला मध औषध दुकानात मिळाला तर तोच घ्या. खोल जखम, मोठे फोड, मधुमेही माणसाच्या पायाची जखम असेल तर थेट दवाखाना गाठा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.