घरून काम करणं आपल्याला मानवतं का, हे सहा आठवड्यांत कसं तपासावं

सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीने २०१० च्या डिसेंबरात शांघायच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग सुरू केला. घरून काम करायला तयार असलेले आणि कंपनीच्या अटींत बसणारे २४९ जण निवडले. जन्मतारीख सम असलेले नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम करू लागले, विषम तारखेचे ऑफिसातच राहिले. घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि कामाबद्दलचं समाधानही जास्त दिसलं. मग कंपनीने सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपली जागा बदलली. एकटेपणा हे त्यामागचं मोठं कारण होतं. आणि हे सगळे सुरुवातीला स्वतःहून 'मला घरून काम करायचंय' म्हणालेले लोक होते.

त्यामुळे घरून काम आपल्याला सुखाचं जाईल की नाही, याचा आधी बांधलेला अंदाज फारसा भरवशाचा नसतो. तो करून बघावा लागतो. त्याला एक वही, रोजची चार मिनिटं आणि सहा आठवडे पुरतात.

'सुख' एका आकड्यात मोजू नका

सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. घरून काम केल्याने काही गोष्टी सुधारतात आणि त्याच वेळी काही बिघडतात. गजेंद्रन आणि हॅरिसन यांनी २००७ मध्ये ४६ अभ्यासांचे, म्हणजे १२,८८३ कर्मचाऱ्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. आपलं काम आपल्या हातात असल्याची भावना वाढते आणि बरेचसे फायदे त्यातूनच येतात, असं त्यांना दिसलं. पण आठवड्यात अडीच दिवसांपेक्षा जास्त घरी राहणाऱ्यांचे सहकाऱ्यांशी संबंध सैल होत गेले, आणि त्याच लोकांची घर-नोकरीतली ओढाताण मात्र कमी झाली. एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात दोन्ही खरं असू शकतं. 'एकूण बरं वाटतंय का?' एवढंच विचारलं, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

म्हणून वहीत पाच रकाने आखा: मनःस्थिती (० ते १०), कामात मन लागलं का (० ते १०), कामाव्यतिरिक्त कोणाशी किती मिनिटं बोललो, काम किती वाजता थांबलं, आणि आदल्या रात्रीची झोप किती तास. मनःस्थिती दिवसातून तीनदा लिहा: दुपारी, काम थांबवताना आणि झोपण्यापूर्वी. बाकीचे रकाने रात्री एकदाच भरा.

आठवड्याच्या शेवटी आठवून लिहू नका. आठवणीत दिवसातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण राहतो, मधले सहा तास गळून जातात. डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदला दिवस तुकड्यातुकड्याने लिहून घेतला, तेव्हा सकाळी कामावर जातानाचा प्रवास हा दिवसातल्या सर्वांत नकोशा वेळांपैकी एक निघाला. आठवड्याच्या ढोबळ आठवणीत असं बारीक काही सापडत नाही.

सहा आठवड्यांची आखणी

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त नोंदी ठेवा. हा टप्पा गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तुलनेला आधार तोच असतो.

पुढचे चार आठवडे घरचे आणि ऑफिसचे वार अदलाबदल करत जा. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात सोमवार आणि गुरुवार घरून, चौथ्या आणि सहाव्यात मंगळवार आणि शुक्रवार घरून. हा खटाटोप अशासाठी की बहुतेक लोक शुक्रवार घरी घेतात. मग सुट्टी जवळ आल्याचा आनंद घराच्या खात्यात जमा होतो, आणि सोमवारचा जडपणा ऑफिसच्या नावावर पडतो. वार बदलले की ही चूक टळते.

तुमचं काम पूर्ण वेळ घरूनच असेल, तर प्रयोग उलटा करा. आठवड्यातले दोन दिवस घराबाहेर बसा: वाचनालय, सामायिक कामाची जागा, किंवा घरूनच काम करणाऱ्या एखाद्या मित्राचं घर. रकाने तेच ठेवा.

शेवटी घरच्या दिवसांची आणि बाहेरच्या दिवसांची सरासरी वेगवेगळी काढा. मनःस्थितीतला फरक एका गुणापेक्षा कमी असेल, तर तो नाही असंच धरा, कारण इतका चढउतार कोणत्याही कारणाशिवाय होत असतो. आजारपण, घरातला मोठा प्रसंग किंवा डेडलाइनचा आठवडा असेल, तर ते दिवस बाजूला काढा. तिसऱ्या आठवड्यात नवेपणाचा आनंद मिसळलेला असतो, म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्याला जास्त वजन द्या.

समजा, घरच्या दिवसांची मनःस्थिती ७.४ आणि ऑफिसची ६.१ आली. मात्र घरी कामाव्यतिरिक्त बोलणं सरासरी ९ मिनिटं, ऑफिसात ५० मिनिटं. घरी काम थांबलं ८ वाजता, ऑफिसात ६:३० ला. इथे 'घरच बरं' म्हणून वही मिटू नका. घर मानवतंय, पण त्याची किंमत दुसऱ्या दोन रकान्यांत भरली जातेय. आधी ते दोन रकाने दुरुस्त करा आणि मग पुन्हा दोन आठवडे मोजा.

वाचलेला प्रवास कामातच जिरतो

२७ देशांतल्या लोकांची विचारपूस करणाऱ्या एका अभ्यासात घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात असं दिसलं. त्यांतली सुमारे ४० टक्के पुन्हा कामातच गेली, ३४ टक्के विश्रांती आणि छंदांत, ११ टक्के घरच्यांच्या देखभालीत. घरून काम करण्याचा सर्वांत खात्रीचा फायदा हाच वेळ आहे, आणि तो न सांगता निघून जातो.

उपाय साधा आहे. रोजचा प्रवास किती मिनिटांचा होता ते लिहा, आणि त्यातली निदान निम्मी मिनिटं कॅलेंडरमध्ये नाव देऊन अडवा: सकाळी २० मिनिटं चालणं, संध्याकाळी मुलांबरोबर अर्धा तास. नाव न दिलेली मोकळी जागा मीटिंग खाऊन टाकते. सकाळचं चालणं आम्ही मुद्दाम आधी सुचवतो. प्रवासात अनायासे होणारं चालणं घरी बंद होतं, आणि घरातून कामात शिरायचा उंबरठाही त्याच्याबरोबर नाहीसा होतो. बाहेर एक फेरी मारून आल्यावर काम सुरू केलं, की दोन्ही थोडंफार परत मिळतं.

दिवस संपवणं

घरून काम करणाऱ्यांचं सुख सर्वांत जास्त इथून गळतं. २०२० च्या टाळेबंदीत ३१ लाखांहून जास्त लोकांच्या ईमेल आणि मीटिंगच्या नोंदी तपासल्या गेल्या. कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला होता. ऑफिसात दिवे मालवले जातात, शेजारी उठतात, शेवटची गाडी असते. घरी असं काहीच घडत नाही, म्हणून शेवट आपल्यालाच घडवावा लागतो.

थांबण्याच्या वेळेआधी २० मिनिटांचा गजर लावा. त्या २० मिनिटांत नवं काम उघडू नका. पहिल्या दहा मिनिटांत अर्धवट राहिलेल्या कामापुढे नेमकं पुढचं पाऊल लिहा. 'अहवाल पूर्ण करणे' असं लिहून भागत नाही. 'अहवालाच्या तिसऱ्या तक्त्यात मार्चचे आकडे भरणे' असं लिहा. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. पुढचं पाऊल कागदावर उतरलं, की मन ते सोडायला तयार होतं. उरलेल्या दहा मिनिटांत टॅब बंद करा, चॅटवर 'उद्या ९:३० ला' असं लिहा, लॅपटॉप बंद करून खणात किंवा कपाटात ठेवा. टेबलावर झाकून ठेवलेला लॅपटॉप पुरेसा लांब नसतो.

हे सगळं करूनही बिघडतं ते फोनमुळे. लॅपटॉप कपाटात आणि ऑफिसचं मेल खिशात, तर कपाटाचा उपयोग काय? कामाच्या अॅपची नोटिफिकेशन संध्याकाळी आपोआप बंद होतील अशी वेळ लावून ठेवा. रोज हाताने बंद करायची म्हटली, तर चौथ्या दिवशी राहून जातात.

टीमशी उत्तराच्या वेळा एकदाच ठरवून घ्या: चॅटला दोन तासांत, मेलला पुढच्या कामाच्या दिवशी, आणि खरोखर तातडीचं असेल तर सरळ फोन. तिसरा भाग ठरला नाही, तर पहिले दोन टिकत नाहीत, कारण काही महत्त्वाचं निसटेल या भीतीने लोक चॅट बघतच राहतात. काही देशांनी हा प्रश्न कायद्यात आणलाय. फ्रान्समध्ये कामाबाहेर संपर्कात नसण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये, अपरिहार्य प्रसंग सोडून, विश्रांतीच्या वेळेत संपर्क न करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली.

जागा आणि कॅमेरा

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर साधारण काटकोनात, पावलं जमिनीला टेकलेली. लॅपटॉपवर हे एकाच वेळी जमत नाही: स्क्रीन उंच केली तर कीबोर्डही उंच जातो. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवला तरी चालतो. खिडकी बाजूला असावी; समोर असली तर डोळे दिपतात, मागे असली तर स्क्रीन चकाकते.

मीटिंगमध्ये स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट लपवा. सतत कॅमेरा सुरू ठेवल्याने येणारा थकवा चार आठवड्यांच्या एका प्रयोगात मोजला गेलाय, आणि तो स्त्रिया व नव्या कर्मचाऱ्यांमध्ये जास्त होता. जिथे फक्त ऐकायचं आहे, तिथे कॅमेरा बंद आणि शक्य असेल तर उभं राहून ऐका.

स्वतंत्र खोली मात्र आम्ही किरकोळ बाब मानत नाही. सीट्रिपच्या प्रयोगात ती अटच होती. उलट चेन्नईतल्या डेटा एंट्री कर्मचाऱ्यांच्या एका प्रयोगात, जिथे घर की ऑफिस हे चिठ्ठ्यांसारखं ठरवलं गेलं, घरी काम १८ टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांना घर हवं होतं त्यांचंच जास्त कमी झालं. घर हवं असण्याचं कारण पुष्कळदा घरातली जबाबदारी असते, आणि तीच कामाच्या आड येते. तुमच्या घरी दार लावून बसायची सोय नसेल, तर मन लागण्याचा रकाना नीट पाहा. तो सातत्याने खाली असेल, तर दोष तुमच्या शिस्तीत शोधू नका.

माणसं

मायक्रोसॉफ्टच्या ६१,००० हून जास्त कर्मचाऱ्यांच्या नोंदींत दिसलं की सगळे घरी गेल्यावर आपल्या गटाबाहेरच्यांबरोबर जाणारा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला. जवळच्या चार जणांशी बोलणं टिकतं, पण जिन्यात भेटणारा, दुसऱ्या विभागातला माणूस नाहीसा होतो. आठवड्याला २५ मिनिटांचा एक कॉल अशा माणसासाठी ठेवा, आणि त्यात कामाचा विषय नसला तरी चालेल. ऑफिसचे दिवस सहकाऱ्यांशी जुळवून घ्या. रिकाम्या मजल्यावर बसून व्हिडिओ कॉल करण्यासाठी प्रवास केला, तर दोन्हीकडचा तोटा पदरात पडतो.

नोकरीतलं पहिलं वर्ष असेल, तर ऑफिसचे दिवस जास्त घ्या. शेजारी बसलेल्याला विचारलेले लहान लहान प्रश्न चॅटवर विचारायचा धीर नव्या माणसाला होत नाही. आणि बढतीचा हिशोब डोळ्यांआड करू नका: सीट्रिपमध्ये तेवढंच काम करूनही घरच्या गटाला बढती कमी मिळाली. दर शुक्रवारी मॅनेजरला पाच ओळी पाठवा: काय झालं, काय अडलंय, पुढच्या आठवड्यात काय.

किती दिवस मागावेत

दोन दिवसांपासून सुरुवात करा. ट्रिपडॉटकॉम या नावाने आता ओळखल्या जाणाऱ्या सीट्रिपनेच २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दोन दिवस घरून कामाचा प्रयोग केला. राजीनामे एक तृतीयांशाने घटले, सर्वांत जास्त ते स्त्रिया, लांबून येणारे आणि मॅनेजर नसलेले यांच्यात. पुढच्या दोन वर्षांत कामाच्या मूल्यांकनात किंवा बढतीत फरक पडला नाही. मॅनेजरपुढे मागणी ठेवताना 'कायमचं' असं म्हणू नका. आठ आठवड्यांची मुदत, ठरलेले वार, आणि काम मोजायचे दोन निकष लिहून द्या. नाही म्हणणं त्यांना अवघड जातं, आणि तुम्हालाही मागे फिरायची वाट उरते.

वही फेकू नका. घर, मॅनेजर किंवा घरातल्या माणसांची संख्या बदलली, की त्याच पाच रकान्यांनी पुन्हा दोन आठवडे मोजा.