स्ट्रट बार कसा बसवावा: मुंबईतल्या वेगवान गाडीसाठी

आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी नसते. पत्र्याची बॉडीच सगळे वजन पेलते आणि पुढच्या चाकांना बसणारा मार शॉकअपच्या वरच्या टोकातून बॉनेटखालच्या दोन टॉवरांवर पोहोचतो. मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीने वेगात वळण घेतले की हे दोन टॉवर एकमेकांच्या तुलनेत किंचित सरकतात, चाकाचा कोन तेवढा बदलतो आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा कमी होतो. हे दोन्ही टॉवर आडव्या दांड्याने बांधून टाकणे, एवढेच स्ट्रट बारचे काम. टोयोटाच्या जीटी ८६ मध्ये कंपनीच टॉवरपासून फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापर्यंत, तिरपे दांडे बसवून देत असे, कारण त्रिकोणाचा आकार चौकोनासारखा सहज तिरका होत नाही. डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, असलेल्या गाडीत मात्र वळणावरचा बराचसा भार विशबोन पेलतात, त्यामुळे तिथे या बारचा लाभ कमीच मिळतो.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले असतील किंवा टायर झिजले असतील, तर आधी तिकडे पैसे खर्च करावेत. ढिल्या बुशवर बार चढवून फरक जाणवत नाही. बार निवडताना तो शक्यतो सरळ असावा. इंजिनाला वळसा घालण्यासाठी मध्ये कमान दिलेला बार भार आला की त्या कमानीतच लवचिक होतो. टॉवरवर बसणारी प्लेट जाड आणि पूर्ण सपाट हवी, आणि बार गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठीच बनवलेला हवा.

काम सुरू करण्यापूर्वी टॉवर नीट पाहावेत. माउंटिंगचे तीन नट बॉडीवर वर्तुळात मांडलेले दिसत असतील तर पुढची पद्धत लागू पडते. मधला मोठा नट मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, कारण दाबून बसवलेली स्प्रिंग त्याच्याच जोरावर धरून ठेवलेली असते. काही मॉडेलांत वरून फक्त हा मधला नटच दिसतो. तिथे हे काम अनुभवी मेकॅनिकवरच सोपवावे.

गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करावी आणि हँडब्रेक ओढावा. सोसायटीच्या उतारावर किंवा स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर हे काम करू नये. पुढचा भाग जॅकवर उचलूनही चालत नाही: चाके लोंबकळली की टॉवरवरचा भार बदलतो आणि नट काढताच स्ट्रट खाली सरकू शकतो. गाडी जमिनीवर असताना तिचेच वजन माउंटिंगला जागेवर धरून ठेवते. तरीही एका वेळी एकाच बाजूचे नट काढावेत, प्लेट बसवावी, नट हाताने फिरवून ठेवावेत आणि मगच दुसऱ्या बाजूकडे वळावे. प्लेटची जाडी मध्ये आल्यामुळे नटाबाहेर किमान दोन आटे दिसतात ना, हे तपासावे. दिसत नसतील तर ती प्लेट त्या गाडीसाठी योग्य नाही.

आता दांडा दोन प्लेटांच्या मध्ये धरावा आणि त्याची लांबी अशी जुळवावी की त्याचा बोल्ट बोटांच्या जोरावर आरपार सरकेल. हातोडी मारून बोल्ट घालावा लागत असेल, तर टॉवर आधीच ओढले किंवा ढकलले जात आहेत, हे समजावे. आधी प्लेटांचे नट आणि मग दांड्याचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने) घट्ट करावेत. साधारण ८.८ या मजबुतीच्या दर्जाच्या कोरड्या एम८ (८ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टला सुमारे २५ न्यूटन मीटर आणि एम१० ला सुमारे ५० न्यूटन मीटर इतका टॉर्क लागतो, पण गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. आट्यांना ग्रीस लावल्यास तेवढ्याच टॉर्कवर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून ते लावू नये. बोल्ट बदलायचेच असतील तर नागदेवी स्ट्रीटवर हवा तो दर्जा मिळतो. फक्त बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ठसा आहे का, हे पाहून घ्यावे.

बॉनेट सरळ आपटून बंद करू नये. मळलेल्या कणकेचा छोटा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बारच्या सर्वांत उंच जागी ठेवावा, बॉनेट हलक्या हाताने खाली आणावे आणि पुन्हा उघडून गोळ्याची उरलेली जाडी मोजावी. ती सेंटिमीटरभर असेल तर ठीक. न्यूट्रलमध्ये रेस देऊन इंजिन डोलताना बारला घासत नाही ना, हेही पाहावे.

खालून सबफ्रेमला (इंजिन आणि पुढचे आर्म धरणाऱ्या खालच्या चौकटीला) जोडणारा ब्रेस, म्हणजे आधाराचा दांडा, मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीला मी सुचवणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, पण गल्लोगल्ली दिसणारे उंचवटे याहून कितीतरी टोकदार असतात आणि सर्वांत आधी ब्रेसच त्यांना लागतो. तो बसवायचाच असेल तर गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्यावी. जमीन पेव्हर ब्लॉकची असेल तर घोड्यांखाली जाड प्लायवूड टाकावे, नाहीतर एखादा ब्लॉक खचून घोडी कलते. सबफ्रेमचे सगळे बोल्ट एकदम सोडू नयेत, नाहीतर सबफ्रेम सरकून अलाइनमेंट बिघडते. एक बसवून मगच दुसरा सोडावा. जे बोल्ट घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात, ते पुन्हा न वापरता नवे आणावेत.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून जाताना ठकठक ऐकू आली तर बहुतेक एखादा नट सैल आहे. काहीशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, सर्व नटांवर पुन्हा टॉर्क रेंच लावावा. अॅल्युमिनियमची प्लेट आणि पोलादी टॉवर यांच्यामध्ये खारट ओल साचली की गंज लवकर चढतो, म्हणून टॉवरवर ओरखडे पडले असतील तर बसवण्याआधीच प्रायमर लावावा आणि पावसाळा संपल्यावर प्लेटची कड पुसून तपासावी. बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी आणि तिची पोच जपून ठेवावी.