सायगॉनला खरेदी करायची तर पहिल्या दिवशी टेलर गाठा

दिवाळीपासून ओळखीतल्या चार जणींनी विचारलं की व्हिएतनामला चाललोय, कपडे आणि शोच्या वस्तू कुठून घ्यायच्या, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे सायगॉनबद्दल आहे, म्हणजे कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण तिथले लोक बोलताना अजूनही सायगॉनच म्हणतात.

पहिली गोष्ट, पोचल्यावर लगेच कापड घ्या आणि टेलरला माप देऊन या. आपले लोक आधी सगळं फिरून घेतात, खरेदी शेवटच्या संध्याकाळी, आणि मग रेडीमेडच उरतं. रेडीमेडचे साईज तिथे फार लहान असतात, आपला मीडियम तिथे एक्सएलमध्ये पण खांद्यात अडकतो.

कापडासाठी तान दिन्ह मार्केट. हाय बा चुंग रस्त्यावर एक गुलाबी चर्च आहे ना, फोटोत सगळे टाकतात ते, त्याच्या जवळच. आत शिरलं की थेट आपलं नागपूरचं गांधीबाग कापड मार्केट, थानांचे ढीग आणि मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. याहून होलसेल पाहिजे तर पूर्वीच्या पाचव्या डिस्ट्रिक्टमध्ये स्वाय किन्ह लाम, पण एकदोन सुटांसाठी तान दिन्ह पुरतं.

आता सिल्क. 'लुआ' म्हणजे रेशीम खरं, पण दुकानात मऊ चमकणाऱ्या कुठल्याही कापडाला लुआ म्हणून देतात, म्हणून 'तो ताम' आहे का ते विचारा, म्हणजे किड्याचं खरं रेशीम. माझी आई भंडाऱ्याकडची, कोशाच्या साड्यांमध्ये वाढलेली, तिने तिथे पण तेच केलं जे इतवारीत करते, कडेचा एक धागा मागून घेतला आणि बाहेर येऊन जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. खऱ्या मालाचा दुकानदार धागा द्यायला कुरकुरत नाही. कुठे 'लान्ह मी आ' दिसलं तर थांबून हात लावून बघाच, ते तान चाऊ गावाचं काळं रेशीम, मक नुआ नावाच्या फळाच्या रसात परत परत बुडवून आणि उन्हात वाळवून रंगवतात. महाग आहे, पण त्यामागची मेहनत बघितली तर भाव पटतो.

शिवायचं असेल तर आओ झाय (सायगॉनकडे उच्चार आओ याय असा करतात), लांब अंगासरशी कुर्ता आणि खाली ढगळ पँट. त्याचा कट कमरेच्या वरून सुरू होतो आणि बाजूने थोडी कंबर दिसते, नको असेल तर माप देतानाच कट खाली घ्यायला सांगा, नंतर काही करता येत नाही. आत शिलाईत मार्जिन सोडायला पण सांगा. एक ट्रायल झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि त्या ट्रायलसाठीच तर दिवस हातात पाहिजेत.

बेन थान्ह मार्केट १९१४ चं आहे, घड्याळाचा टॉवर सुंदर आहे, जरूर जा, पण टुरिस्टचा भाव लावतात. निम्म्यापासून सुरू करा, हसून. जास्त वाटलं तर 'माक क्वा' म्हणा, महाग आहे असा अर्थ, आणि दोन पावलं पुढे चला. मात्र सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊन घासाघीस करून रिकाम्या हाताने निघू नका. त्यांच्यात पण आपल्यासारखीच बोहनी असते, 'मो हांग' म्हणतात, पहिलं गिऱ्हाईक तसंच गेलं तर अख्खा दिवस खराब जातो असं मानतात. बर्डीवरच्या दुकानदाराचं मन आपण सांभाळतो ना, मग त्यांचं पण सांभाळावं.

हस्तकलेत माझा जीव लॅकरवर, तिकडे 'सन माय' म्हणतात. झाडाच्या चिकाचे थरावर थर, प्रत्येक थर वाळवून पाण्याखाली घासायचा, म्हणून एका चांगल्या पीसला कित्येक आठवडे लागतात. स्वस्तातल्या वाट्या केमिकल पेंटच्या असतात, वास घेतला की समजतं. पांढरं तडकलेलं नक्षीकाम दिसतं ते अंड्याच्या कवचाचं असतं आणि चकचकीत कंगवे, चमचे बरेचदा म्हशीच्या शिंगाचे, तेव्हा घरी कोणी कडक शाकाहारी असेल तर त्यांना देण्याआधी विचार करा. त्यांच्यासाठी जलकुंभीच्या टोपल्या आणा. हो, आपल्या अंबाझरी तलावात माजते तीच जलकुंभी, मेकाँग नदीकडे ती वाळवून विणतात आणि इतक्या सुबक बॅगा करतात की पाहून वाटलं, हे आपल्याकडे काहून नाही होत.

पैशांचं सांभाळा, २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या (तिथलं चलन) दोन्ही नोटा निळसर आहेत, रात्रीच्या उजेडात सहज गडबड होते, वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा. मोठ्या दुकानात एका दिवसात २० लाख डाँगच्या वर बिल झालं तर टॅक्स रिफंडचा कागद मागा (सगळ्या दुकानांत नसतो, मार्केटच्या गाळ्यांवर तर नाहीच), आणि एअरपोर्टवर वस्तू कस्टमला दाखवल्यावरच बॅग चेक-इन करा. लॅकरचे पीस कपड्यात गुंडाळून हँडबॅगेत, आणि ती पानांची टोकदार टोपी बॅगेत कोंबू नका, चेपते, आम्ही मुंबईमार्गे नागपूरपर्यंत हातातच आणली.