डोंगरातून दिसेनाशी झालेली कळलावी पुन्हा कशी शोधावी

एखाद्या डोंगरावर पूर्वी नोंदलेली वनस्पती कित्येक वर्षांत कोणाला दिसली नाही, म्हणजे ती तिथून संपली, असे आपण फार लवकर म्हणतो. कळलावीच्या बाबतीत तर ही घाई हमखास चुकते, कारण ही विषारी वेल वर्षातले निम्म्याहून अधिक महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात असते. देशभराचा विचार केला तर ती दुर्मीळ नाही; पण तिच्या कंदांना आणि बियांना औषधी बाजारात मागणी असल्याने अनेक डोंगरउतारांवरून ती खणून नेली गेली आहे. नागपूरहून मेळघाटाच्या किंवा चिखलदऱ्याच्या डोंगरांत तिचा शोध घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे टिपण आहे.

शोधाची सुरुवात डोंगरावर न करता कपाटात करावी. विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागांचे संग्रह आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचा संग्रह येथे वाळवलेले जुने नमुने पाहता येतात. कळलावीचे आजचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असले, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर मेथोनिका सुपर्बा असेही नाव सापडते, आणि आज ती कोल्चिकेसी कुळात गणली जात असली तरी पूर्वी तिला लिलिएसी कुळात ठेवत. त्यामुळे केवळ नव्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती अर्ध्याच नोंदी लागतात. नमुन्यावरील गावाचे नाव, तारीख आणि उंची जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि त्या तारखेला जागेइतकेच महत्त्व द्यावे.

चिठ्ठीवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. रानपिंगळ्याची गोष्ट येथे आठवण्यासारखी आहे. या घुबडाचा 1884 नंतरचा एकमेव मानला गेलेला नमुना 1914 साली गुजरातेत मिळाल्याचे नोंदलेले होते. तो खरे तर चोरलेला जुना नमुना होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणून खोटे ठिकाण बाजूला सारले, खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धरली, आणि 1997 साली सातपुड्यात शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला. वनस्पतीच्या नोंदीतही एकाच नावाची दोन गावे, नदीच्या चुकीच्या काठाचा उल्लेख, किंवा मुक्कामाचे गाव हेच नमुन्याचे ठिकाण म्हणून लिहिलेले असणे, हे घडत असते.

त्यानंतर काळ ठरवावा. पावसाला सुरुवात झाली की कंदातून कोंब निघतो आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात फुले येतात. वैदर्भीय पंचांगात सांगायचे तर पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मी स्वतः पहिली फेरी जानेवारीत केली होती, आणि वहीत ‘आढळली नाही’ असे मोठ्या विश्वासाने लिहिले होते. त्या नोंदीला काहीही अर्थ नव्हता. नागपूर ते चिखलदरा हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे आणि पावसात घाटरस्ता निसरडा होतो, म्हणून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये.

अभयारण्याच्या हद्दीत अभ्यासासाठी शिरायचे असल्यास वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार तेथून परवान्याशिवाय वनस्पती उचलून नेता येत नाही. राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरातच असल्यामुळे आपल्याला निदान चौकशी तरी घराजवळ करता येते. अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी करावा.

स्थानिकांना विचारताना नावापेक्षा छायाचित्र उपयोगी पडते. कळलावीला खड्यानाग, वाघनखी अशी नावे आहेत आणि काही ठिकाणी बचनागही म्हणतात, पण हिमालयातला खरा बचनाग ही अगदी वेगळी आणि तितकीच घातक वनस्पती आहे. रोज रानात जाणाऱ्या गुराख्यांना फुलाचे चित्र दाखवून, हे कुठे व कोणत्या महिन्यात पाहिले, एवढेच विचारावे. कंद कुठे मिळतो असे विचारणाऱ्याला व्यापारी समजले जाते, आणि तो समज अगदीच चुकीचा नसतो.

जंगलाच्या कडा, झुडपांची दाटी, पाण्याचा निचरा होणारे खडकाळ उतार अशा जागा हळूहळू चालत पाहाव्यात. फुलाआधी ओळख पटवण्यासाठी पानाचे टोक पाहावे: देठ नसलेले, भाल्यासारखे, समांतर शिरांचे पान टोकाशी निमुळते होऊन त्याचाच गुंडाळलेला ताण, म्हणजे आधार धरणारा तंतू, झालेला असतो. घोटवेलीलाही ताणे असतात, पण ते पानाच्या देठापासून निघतात. फूल आल्यावर शंका उरत नाही. नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असतात, त्या आधी पिवळसर हिरव्या असून पुढे लाल होतात, आणि परागवाहिनी, म्हणजे फुलातील बीजांडकोशावरची दांडी, बुडाशी काटकोनात वाकलेली असते.

कंद उकरून खात्री करण्याचा मोह टाळावा. नांगराच्या आकाराच्या या कंदावरूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात, पण वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे विष असते आणि उकळल्याने ते निष्प्रभ होत नाही. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने मृत्यू झालेले आहेत. उलट्या व जुलाब काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीला माणूस ठीक वाटतो. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपायांत वेळ न घालवता, 108 वर फोन करून रुग्णालय गाठावे व वनस्पतीचे छायाचित्र सोबत न्यावे. नमुना घेण्याची परवानगी असल्यास हातमोजे घालून फुलासह एक फांदीच घ्यावी.

वेल सापडल्यावर पूर्ण वेल, पानाचे टोक, बाजूने फूल आणि असल्यास फळ यांची छायाचित्रे घ्यावीत. तारीख, उंची, उताराची दिशा, सोबतची झाडे आणि वेलींची मोजलेली संख्या वहीत लिहावी. सापडली नाही तरी कोणत्या दिवशी कोणता पट्टा किती वेळ पाहिला, हे लिहावेच. नेमके ठिकाण वन विभाग आणि संग्रहालयापुरतेच ठेवावे. फोनवरील छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, म्हणून ते कोणालाही पाठवण्यापूर्वी काढून टाकावेत, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा जाऊन वेली मोजाव्यात.