आधी जोडी शोधा, अर्थ नंतर

नागपूरच्या नंदनवन भागात माझी इंग्रजीची शिकवणी आहे. एसएससी (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन), बँक, तलाठी, सगळ्याच परीक्षांची पोट्टे येतात. सगळ्यांना माझं एकच सांगणं: कंजंक्शनच्या, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांच्या प्रश्नात अर्थ लावत बसू नका, जोडी शोधा.

'नो सूनर' दिसलं की नजर 'दॅन'वर गेली पाहिजे. 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली' असेल तर 'व्हेन'. पेपर काढणारा नेमकी इथेच अदलाबदल करतो: 'नो सूनर हॅड द ट्रेन लेफ्ट अजनी व्हेन इट बिगॅन टू रेन.' 'मॅडम, बरोबरच तर वाटून राहिलं ना!' असं म्हणत पोरं 'नो एरर'वर गोल करून मोकळी. 'नो सूनर' सुरुवातीला असेल तर 'हॅड' किंवा 'डिड' कर्त्याच्या आधी आलंय का, तेही बघा.

आपली खरी गोची मराठीमुळे होते. 'जरी-तरी' जिभेवर बसलेलं, त्यामुळे 'ऑल्दो'च्या मागोमाग 'बट' येतोच. तो खोडा. स्वल्पविराम पुरतो; पर्यायांत 'येट' असेल तर तो घ्या. 'तो येत नाही तोपर्यंत' हे डोक्यात ठेवून लिहिलं की 'अनटिल ही डझ नॉट कम' होतं. 'अनटिल ही कम्स' म्हणायचं, 'नॉट' नको. 'अनलेस' आणि 'लेस्ट' यांनाही 'नॉट' खपत नाही. 'लेस्ट'सोबत 'शुड' घ्या, 'विल' किंवा 'वुड' दिसलं की तो पर्याय बाद. 'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं, एवढं पुरे.

इडियमचं, म्हणजे वाक्प्रचारांचं तंत्र उलटं. तिथे शब्दशः अर्थ देणारा पर्याय बहुतेकदा सापळा असतो. 'बरी द हॅचेट'खाली 'शस्त्र लपवणे' अशा अर्थाचा पर्याय हमखास सापडेल. उत्तर मात्र 'भांडण मिटवणे'. पाठ करताना इडियम वाक्यासकट करा, सुटं नको. 'टर्न अ डेफ इअर'नंतर 'टू' येतो, 'बाय लीप्स अँड बाउंड्स'मध्ये 'बाय'च लागतो, आणि रिकाम्या जागेत नेमकं तेच विचारतात. याद्या पाठ करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

आणि घड्याळ बघा. सीजीएल, म्हणजे एसएससीची पदवीधरांसाठीची परीक्षा; तिच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं तर 0.50 कट. चारातले दोन पर्याय खात्रीने उडाले असतील तर उरलेल्यातला एक मारा अन् पुढे सरका. एका इडियमवर पाच मिनिटं घातली तर गणित कधी सोडवणार?