टू-स्ट्रोक जेट बोट स्लोला धडधडते? स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरला की मांडवीच्या काठावर माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं गाऱ्हाणं एकच. "मेस्त्री, बोट पळते बरी, पण स्लोला धडधडते आणि जेटीला लावताना बंद पडते. जरा स्लो वाढवून द्या." स्लो म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहतं तो वेग; कार्ब्युरेटरवरचा स्क्रू फिरवून तो वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे. पण कारण सापडेपर्यंत मी ते करत नाही, तुम्हीही करू नका.

जेट बोटीला खरा न्यूट्रल नसतो. इंजिन चालू म्हणजे पाणी मागे फेकणारा पंखा, म्हणजे इंपेलर, फिरतोच. झोतासमोरची मागची झडप, म्हणजे बकेट, अर्धी खाली येऊन झोत पुढे-मागे वाटते, त्यालाच आपण न्यूट्रल म्हणतो. स्लो चढवला की बोट त्या न्यूट्रलमध्येही सरकत राहते, आणि समोर कमरेभर पाण्यात माणसं उभी असतात. शिवाय धडधडीचं कारण हवेची गळती असेल, तर स्क्रू फिरवून फक्त आवाज सुधारतो. मिश्रणात पेट्रोल कमीच राहतं, पिस्टन तापतो आणि पुढच्या फुल थ्रॉटलला धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

एक मात्र लक्षात घ्या. टू-स्ट्रोक स्लोला थोडं लडबडतंच, जळालेला धूर सिलिंडरमधून पूर्ण बाहेर पडत नाही म्हणून. फोर-स्ट्रोकसारखा एकसारखा आवाज त्याच्याकडून मागू नका.

दुसरी चूक म्हणजे जमिनीवर ट्रॉलीवर ठेवून ट्यूनिंग करणं. जुन्या रोटॅक्स 717 किंवा 787 इंजिनाचा स्लो पाण्यात साधारण 1500 आरपीएम (मिनिटाला फेरे) असतो. तेच इंजिन जमिनीवर 3000 च्या आसपास फिरतं, कारण इंपेलरवर पाण्याचा भार नसतो. जमिनीवर 1500 लावलंत तर पाण्यात उतरताच ते बंद पडणार. शेवटची सेटिंग बोट पाण्यात घट्ट बांधूनच करा. जमिनीवर पाण्याचा पाइप लावून चालवताना या इंजिनांना आधी स्टार्ट, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं.

आता पेट्रोल. जूनपासून चार महिने बोट झाकून ठेवायची आणि ऑक्टोबरात त्याच टाकीवर स्टार्ट मारायची, ही चूक मी दर मोसमात बघतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याला आमंत्रणच. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं. ऑइल मिसळून पेट्रोल वापरत असाल तर ऑइल वरच्या थरात राहतं, आणि नळी ओढते तळातून! म्हणून आधी थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा, वरून नवं पेट्रोल ओतून भागवू नका.

पेट्रोलच्या जुन्या नळ्याही बदला. नव्वदच्या दशकातल्या काही जेट बोटींतली राखाडी नळी आतून विरघळते आणि हिरवट चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक जाळीत बसतो. नळी न बदलता कार्ब्युरेटर साफ केलात तर महिन्याभरात तेच दुखणं परत. साफ करताना स्लोच्या बारीक भोकांत सुई घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे, म्हणजे डायफ्राम, कडक झाले असतील तर किट नवीनच टाका.

प्लग आणि करंटचं थोडक्यात: दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक काळा-ओला आणि दुसरा कोरडा-पांढरट असेल तर दोष एका बाजूला आहे. कॉइलच्या अर्थिंगवरचा खार घासून काढा. चालू इंजिनाची प्लगकॅप ओढून बघू नका, ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे सीडीआय, जाऊ शकतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लगच्या वायरी अर्थ करा. दोन सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक आला तर दोष इंजिनाच्या आत आहे, कार्ब्युरेटरशी खेळणं थांबवा.

राहिली हवेची गळती, आणि खरी फसवणूक इथेच होते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन पटकन खाली न येता रेंगाळत असेल, किंवा गरम झाल्यावर आपोआप चढत असेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. बरेच जण चालू इंजिनावर सांध्यांतल्या गास्केटजवळ पेट घेणारा स्प्रे मारून बघतात. बोटीच्या बंद पोटात (हलमध्ये) हे करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. एरवीही कव्हर उघडून वाफ बाहेर काढणारा पंखा (ब्लोअर) चार-पाच मिनिटं चालवल्याशिवाय स्टार्ट मारू नका.

सुरक्षित पद्धत म्हणजे इंजिन बंद ठेवून इनटेक आणि एक्झॉस्ट बुजवायचं, हातपंपाने 6-7 पीएसआय हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे गास्केटला आले तर काम हलकं आहे. सांधे सगळे कोरडे आणि दाबाचा काटा तरीही उतरतोय, तर संशय क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) सीलवर. तो बदलायला इंजिन उतरवून उघडावंच लागतं, खर्चही होतो. पण तोपर्यंत एकही गिऱ्हाईक घेऊन ती बोट पाण्यात नेऊ नका.